चिठ्ठी, स्ट्रिप आणि रिपोर्टवरची आद्याक्षरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेडिकलच्या काउंटरवर औषध काढून द्यायला जेवढा वेळ लागतो, त्याहून जास्त चिठ्ठी वाचून दाखवण्यात जातो. ही आद्याक्षरं डॉक्टरांनी लिहिलेली असतात ती मेडिकलवाल्यासाठी, नर्ससाठी किंवा दुसऱ्या डॉक्टरांसाठी. पेशंटला ती कळावीत असा हिशेबच त्यात धरलेला नाही. गोळी मात्र घरी जाऊन त्यालाच घ्यायची असते. लोक काउंटरवर जे विचारतात, ते इथे एकत्र केलं आहे. कुठलं औषध घ्यावं नि कुठलं बंद करावं, ते इथे शोधू नका. ते तुमच्या डॉक्टरांकडे.

ओडी, बीडी, टीडीएस म्हणजे नक्की किती वेळा?

ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, क्यूआयडी चारदा. सगळी लॅटिनमधून आलेली. टीडीएस म्हटलं की नोकरदार माणसाला आधी पगारातून कापलेला कर आठवतो, पण चिठ्ठीवर पैसे कापले जात नाहीत, ते बिलावर.

यात लोक एक गोष्ट विसरतात. बीडी म्हणजे साधारण बारा तासांनी आणि टीडीएस म्हणजे साधारण आठ तासांनी. सकाळी दहाला पहिली, दुपारी दोनला दुसरी आणि रात्री आठला तिसरी घेतली की तीन गोळ्या होतात खऱ्या, पण रात्री आठनंतर सकाळपर्यंत चौदा तास अंग औषधाविना राहतं. पोटाच्या साध्या गोळीला ते चालून जातं. अँटिबायोटिकच्या बाबतीत वेळा शक्य तितक्या समान ठेवाव्यात.

आणखी एक. चष्म्याच्या नंबराच्या कागदावरचं ओडी म्हणजे उजवा डोळा, ओएस म्हणजे डावा. तिथे 'दिवसातून एकदा' असा अर्थ लावून बसू नका.

१-०-१ असं लिहिलंय, ते काय?

सकाळ-दुपार-रात्र. सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. आपल्याकडे ही सर्वांत कमी घोटाळ्याची पद्धत, कारण ती वाचायला इंग्रजी लागत नाही. चार आकडे असतील तर चौथा झोपतानाचा. ½-०-½ असेल तर गोळी मोडायची आहे. ती मोडण्यासारखी आहे का ते पुढे 'एसआर'च्या प्रश्नात पाहा.

एसी, पीसी, एचएस?

एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर, एचएस झोपताना.

'जेवणाआधी' म्हणजे ताट वाढल्यावर पहिल्या घासाआधी, असा अर्थ बरेच जण घेतात. आम्लपित्ताच्या पॅन्टोप्राझोलसारख्या गोळ्या साधारण अर्धा तास आधी घ्यायच्या असतात. थायरॉइडची गोळी अनशापोटी, नुसत्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा ते एक तास चहासुद्धा नाही. आणि लोहाच्या किंवा कॅल्शियमच्या गोळ्या चालू असतील तर त्या थायरॉइडच्या गोळीपासून चार तास लांब ठेवाव्या लागतात, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. टीएसएच (थायरॉइडच्या रक्ततपासणीतला आकडा) खाली येत नाही म्हणून डोस वाढत जातो, आणि कारण असतं सकाळी एकाच घोटात घेतलेल्या तीन गोळ्या. हे काउंटरवर इतक्यांदा दिसतं की आम्ही आता थायरॉइडची गोळी देताना कॅल्शियमचं आपणहून विचारतो.

एसओएस लिहिलंय म्हणजे इमर्जन्सी आहे का?

नाही, घाबरू नका. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. ताप आला, दुखलं, तर घ्या; नाहीतर गोळी डब्यात राहू दे. पण 'गरज पडेल तेव्हा'चा अर्थ 'कितीही वेळा' असा होत नाही. दोन डोसांत किमान किती तास आणि दिवसात जास्तीत जास्त किती, हे दोन आकडे विचारून घ्या. घाई दाखवणारा शब्द वेगळा आहे: स्टॅट, म्हणजे आत्ता, लगेच.

'आठवड्यातून एकदा' हे चिठ्ठीवर कसं ओळखायचं?

या पानावर एकच उत्तर नीट वाचणार असाल तर हे वाचा.

संधिवातासाठी आणि सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट नावाची गोळी देतात. ती आठवड्यातून एका ठरलेल्या दिवशी घ्यायची असते. रोज घेतली तर काही दिवसांतच तोंड येतं, रक्तातल्या पेशी घसरतात आणि जिवावर बेतू शकतं. जगभर या एका चुकीनं माणसं दगावली आहेत. गोंधळ वाढायला आणखी कारण म्हणजे तिच्या जोडीला फॉलिक ॲसिड दिलेलं असतं, ते उरलेल्या दिवशी. दोन्ही गोळ्या लहान, आणि बाजारातल्या काही ब्रँडची नावंही 'फॉलि' आणि 'फॉल' अशी एकसारखी सुरू होणारी. चिठ्ठीवर 'ओडब्ल्यू' किंवा नुसतं 'वीकली' खरडलेलं असतं आणि घरी आजोबा दोन्ही गोळ्या रोजच्या डब्यात भरून मोकळे होतात.

म्हणून अशा गोळीच्या पाकिटावर वाराचं नाव लिहून घ्यावं: 'फक्त रविवारी'. 'आठवड्यातून एकदा' एवढं लिहिलं तर मागच्या वेळी कधी घेतली होती हे कुणाला आठवत नाही.

व्हिटॅमिन डीची ६०,००० आययूची कॅप्सूल किंवा पुडीही अशीच, सहसा आठवड्याला एक. रोज घेत राहिलं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं आणि ते किडनीवर येतं. 'ताकदीचंच तर औषध आहे' म्हणून ती मनानं चालू ठेवणारे कमी नाहीत.

एमजी, एमसीजी, आययू यांत फरक काय?

एमजी म्हणजे मिलिग्रॅम, एमसीजी म्हणजे मायक्रोग्रॅम. १,००० मायक्रोग्रॅम मिळून एक मिलिग्रॅम. थायरॉइडच्या गोळ्या २५, ५०, ७५, १०० अशा येतात त्या मायक्रोग्रॅममध्ये. हॉस्पिटलच्या फॉर्मवर 'चालू औषधं' लिहिताना तिथे एमजी लिहिलं की कागदावर डोस हजारपट होतो.

आययू हे वजनच नाही. औषधाचा परिणाम किती, यावर ठरवलेलं ते आंतरराष्ट्रीय एकक आहे, आणि प्रत्येक औषधासाठी त्याचं वजन वेगळं. व्हिटॅमिन डीचे ४० आययू म्हणजे एक मायक्रोग्रॅम. त्या हिशेबानं ६०,००० हा भीतिदायक आकडा अवघा दीड मिलिग्रॅम भरतो.

इन्सुलिनच्या बाटलीवर ४० आणि पेनवर १०० लिहिलंय. पेन जास्त स्ट्राँग का?

औषध तेच, दाटपणा वेगळा. भारतात बाटलीतलं इन्सुलिन बहुतेक वेळा एका मिलिलिटरमध्ये ४० युनिटचं असतं, पेनच्या कार्ट्रिजमधलं १०० युनिटचं. सिरिंजही दोन प्रकारच्या: ४०ची लाल टोपणाची, १००ची केशरी टोपणाची. बाटली आणि सिरिंज यांचा आकडा जुळलाच पाहिजे.

जुळला नाही तर काय होतं ते बघा. ४०च्या बाटलीतून १००च्या सिरिंजनं १० खुणेपर्यंत भरलं तर ०.१ मिलिलिटर आलं, म्हणजे प्रत्यक्षात ४ युनिट. शुगर चढलेलीच राहते. उलट केलं, म्हणजे १००चं इन्सुलिन ४०च्या सिरिंजनं १० खुणेपर्यंत घेतलं, तर ०.२५ मिलिलिटर येतं आणि शरीरात जातात २५ युनिट, अडीचपट. घाम, थरथर, बेशुद्धी इथपर्यंत प्रकरण जातं. पेन बिघडलं म्हणून कार्ट्रिजमध्ये सिरिंज खुपसून घेणारे लोक नेमके इथेच सापडतात.

आणि हातानं लिहिलेल्या चिठ्ठीत 'युनिट' हा शब्द पूर्ण असावा. नुसतं इंग्रजी 'यू' घाईत लिहिलं की शून्यासारखं दिसतं आणि ४ चे ४० होतात. अमेरिकेत दवाखान्यांना मान्यता देणाऱ्या जॉइंट कमिशननं २००४ साली 'ही संक्षिप्त रूपं वापरू नका' अशी यादी काढली, तिच्यात हे 'यू' आहे, 'आययू'ही आहे, आणि '१.०' असं मागे शून्य जोडणंही आहे, कारण मधला टिंब पुसट झाला की १ चे १० दिसतात.

ब्रँडच्या नावापुढे एम, एच, एएम, डी अशी अक्षरं असतात. ती नसली तर चालेल का?

चालणार नाही. त्या अक्षरात सहसा दुसरं औषध बसलेलं असतं. शुगरच्या गोळीपुढे 'एम' म्हणजे बहुधा सोबत मेटफॉर्मिन. बीपीच्या गोळीपुढे 'एएम' म्हणजे अॅम्लोडिपिन, 'एच' म्हणजे लघवीवाटे पाणी-मीठ काढणारं हायड्रोक्लोरोथायझाइड. ॲसिडिटीच्या गोळीपुढे 'डी' म्हणजे डॉम्पेरिडोन. अँटिबायोटिकपुढे 'सीव्ही' म्हणजे क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड. 'बीपीची तीच गोळी द्या' असं फोनवर सांगून शेजारच्या मुलाला पाठवलं, की नेमकं हे शेपूट गळतं. रिकामी स्ट्रिप पाठवा, निदान तिचा फोटो तरी.

'फोर्ट', 'प्लस' यांना मात्र ठरलेला अर्थ नाही. कंपनीगणिक बदलतो. तिथे मागचा बारीक मजकूर वाचण्याला पर्याय नाही.

एसआर, एक्सआर, सीआर गोळी अर्धी केली तर?

ही औषध हळूहळू सोडणारी गोळी. दिवसभरात सुटायचा डोस ती मोडल्यावर किंवा कुटल्यावर एकदम सुटू शकतो. मध्ये मोडायची रेघ असलेल्या काही गोळ्या अर्ध्या करता येतात, पण ते मेडिकलमध्ये विचारून. नळीतून जेवण देत असलेल्या पेशंटसाठी गोळ्या खलबत्त्यात कुटतात, तेव्हा हे आधी विचारायलाच हवं.

अशा काही गोळ्यांचं रिकामं कवच शौचात दिसतं. मेटफॉर्मिनच्या बाबतीत लोक घाबरून येतात की गोळी पचलीच नाही. औषध निघून गेलेलं असतं, टरफल उरतं.

डीटी ही पाण्यात विरघळवून द्यायची, एमडी ही जिभेवर विरघळणारी.

स्ट्रिपवर आरएक्स, लाल रेघ, आयपी असं काय काय असतं?

आरएक्स म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायचं नाही असं औषध. लाल रंगातलं आरएक्स शेड्यूल एच-वन या सरकारी यादीतल्या औषधांचं. १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या यादीत बरीच वरची अँटिबायोटिक्स, टीबीची औषधं आणि झोपेची काही औषधं आहेत. ती देताना आम्हाला डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून ते तीन वर्षं जपावं लागतं. तेव्हा नाव-गाव विचारलं तर चौकशी लावलीय असं समजू नका. लाल एनआरएक्स (नशा आणणाऱ्या, मनावर परिणाम करणाऱ्या औषधांवरचं) असेल तर नियम त्याहून कडक.

डाव्या कडेची उभी लाल रेघही 'चिठ्ठीशिवाय नाही' हेच सांगते.

आयपी म्हणजे औषध भारतीय औषधकोशाच्या कसोटीप्रमाणे बनलेलं. १९५५ साली त्याची पहिली आवृत्ती निघाली. स्ट्रिपवरचं बीपी म्हणजे ब्रिटिश औषधकोश. त्याचा रक्तदाबाशी काही संबंध नाही. एक्सपायरी '०६/२०२७' असेल तर जून महिन्याच्या अखेरीपर्यंत.

सीबीसीत प्लेटलेट १५० आल्यात! ॲडमिट करायचं का?

सीबीसी म्हणजे रक्तातल्या पेशींची मोजणी. डेंग्यूच्या दिवसांत हा फोन रोजचा. बाजूचं एकक बघा. तिथे 'दहाचा घन' असं लिहिलेलं असेल तर १५० म्हणजे १५० हजार, म्हणजेच दीड लाख. आपल्याकडची नेहमीची मर्यादा दीड ते साडेचार लाख, म्हणजे हा आकडा काठावर पण ठीक. एक लॅब १.५ लाख छापते, दुसरी १५०, तिसरी १,५०,०००. तिन्ही एकच. आकडा खरोखर पडतोय का, हे आधीच्या रिपोर्टशेजारी ठेवून बघतात, म्हणून शक्यतो लॅब बदलू नका.

त्याच कागदावरचं टीएलसी म्हणजे एकूण पांढऱ्या पेशी. एचबी म्हणजे हिमोग्लोबिन. जागतिक आरोग्य संघटनेच्या मापानं बाईचं १२च्या खाली, गरोदर असताना साधारण ११च्या खाली आणि पुरुषाचं १३च्या खाली असेल तर रक्तक्षय. 'बायकांचं नऊ-दहा असतंच' हे आपल्याकडे फार सहज बोललं जातं. ते 'असतंच' नाही, ते आजारपण आहे.

रिपोर्टवर पुढे एच किंवा एल छापलं आहे, ठळक अक्षरात.

आकडा दिलेल्या मर्यादेच्या वर किंवा खाली आहे, इतकंच यंत्र सांगतं. ती मर्यादा साधारणपणे अशी आखतात की निरोगी माणसांतले ९५ टक्के तिच्यात बसावेत. म्हणजे धडधाकट माणसांतही वीसात एक जण बाहेर पडणारच. पॅकेजमध्ये साठ-सत्तर तपासण्या करून घेतल्या की दोन-तीन ठिकाणी ठळक अक्षर येणं अगदी सरळ आहे. हजार रुपयांत 'फुल बॉडी' करून मग त्या ठळक अक्षरांच्या मागे पाच हजार घालवणाऱ्यांना काय सांगावं!

ईएसआर आणि सीआरपी दोन्ही का सांगतात?

दोन्ही शरीरात कुठेतरी दाह आहे एवढं सांगतात, कुठे ते नाही. ईएसआर म्हणजे उभ्या नळीत रक्त ठेवलं तर तासाभरात लाल पेशी किती मिलिमीटर खाली बसतात. तो सावकाश चढतो, सावकाश उतरतो. सीआरपी हे रक्तातलं एक प्रथिन, ते तासांच्या हिशेबात हलतं.

गेल्या वर्षी एसजीपीटी होतं, यंदा एएलटी लिहिलंय. कुठलं राहिलं?

काहीच राहिलं नाही. लिव्हरची एकच तपासणी: एसजीपीटी जुनं नाव, एएलटी नवं. तसंच एसजीओटी म्हणजे एएसटी.

बीएसएल एफ, पीपी आणि एचबीएवनसी यांपैकी खरं कोणतं?

बीएसएल म्हणजे रक्तातली साखर. एफ अनशापोटी, पीपी जेवल्यावर दोन तासांनी. हे दोन तास जेवायला बसल्यापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. एचबीएवनसी मागच्या साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवतं, म्हणून तपासणीच्या आदल्या रात्री गोड सोडून त्याला फसवता येत नाही. अनशापोटी १२६ किंवा त्यावर, एचबीएवनसी ६.५ टक्के किंवा त्यावर, ही मधुमेहाची रेषा. त्रास काहीच नसेल तर एकाच कागदावरून शिक्का मारत नाहीत, तपासणी पुन्हा करतात.

एक अडचण मात्र आहे. एचबीएवनसी हिमोग्लोबिनवर बेतलेलं आहे, त्यामुळे रक्तक्षय असेल, नुकतंच रक्त चढवलं असेल किंवा सिकलसेल (लाल पेशींचा आनुवंशिक आजार) असेल तर आकडा दिशाभूल करतो. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल घराघरांत असताना हे डॉक्टरांच्या कानावर घालणं फार गरजेचं.

डिस्चार्ज कार्ड वाचता येईल का?

बऱ्यापैकी. समजा असं आहे: 'के/सी/ओ डीएम, एचटीएन × १० वर्षं. सी/ओ ताप × ३ दिवस. ओ/ई पी/ए सॉफ्ट, आरएस क्लिअर, एनएडी.' म्हणजे हे मधुमेहाचे आणि रक्तदाबाचे दहा वर्षांपासूनचे पेशंट, तीन दिवस ताप असल्याची तक्रार, तपासलं तेव्हा पोट मऊ, छाती स्वच्छ, वावगं काही आढळलं नाही. 'एच/ओ' म्हणजे पूर्वीचा इतिहास. त्रिकोण म्हणजे निदान, आणि '#' म्हणजे हाड मोडलंय. एनबीएम म्हणजे तोंडावाटे काही द्यायचं नाही, पाणीही नाही. नातेवाईक इथेच 'चमचाभर चहा' पाजून भूल देणाऱ्या डॉक्टरांचा जीव टांगणीला लावतात. डामा किंवा लामा म्हणजे सल्ला न मानता घरी गेले. विम्याचा दावा करताना या शब्दावरून प्रश्न येऊ शकतात, म्हणून सही करण्याआधी वाचा.

बाळंतपणाच्या कागदावर जी-टू पी-वन एल-वन?

दुसऱ्यांदा गरोदर, आधी एक बाळंतपण, एक मूल हयात. एलएमपी शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, ईडीडी बाळंतपणाची अंदाजे तारीख. घरी काढायची तर पाळीच्या तारखेत सात दिवस मिळवा आणि नऊ महिने पुढे जा: १० जानेवारी असेल तर १७ ऑक्टोबर. पाळी अनियमित असेल तर हा हिशेब सोडा, पहिल्या महिन्यांतल्या सोनोग्राफीची तारीख धरा. एलएससीएस म्हणजे सिझेरियन, एफटीएनडी म्हणजे पूर्ण दिवसांचं नैसर्गिक बाळंतपण.

डॉक्टरांच्या पाटीवरचं डीएम आणि पेशंटच्या कागदावरचं डीएम एकच?

पाटीवरचं डीएम ही एमडीनंतरची वरची पदवी, कागदावरचं मधुमेह. एमएसचं त्याहून अवघड: पाटीवर शल्यचिकित्सेतली पदवी, हृदयाच्या रिपोर्टवर झडप अरुंद झालेली, मेंदूच्या रिपोर्टवर मल्टिपल स्क्लेरोसिस. कागद कुठल्या विभागाचा आहे ते बघितल्याशिवाय गुगल करू नका. अर्धी रात्र जागून काढाल.

खराब अक्षराबद्दल काही नियम आहे का?

आहे. भारतीय वैद्यक परिषदेनं सप्टेंबर २०१६ मध्ये नियमात बदल करून औषधाचं जेनेरिक नाव, वाचता येईल अशा आणि शक्यतो मोठ्या इंग्रजी अक्षरांत लिहावं असं सांगितलं. पाळणारे पाळतात. अक्षर लागलं नाही तर आम्ही दवाखान्यात फोन करतो. अंदाजानं औषध देणारा मेडिकलवाला भेटला तर दुकान बदला.

मुलगी लंडनला आहे. रिपोर्ट पाठवला तर तिथले डॉक्टर म्हणतात आकडे कळत नाहीत.

ते मिलिमोलमध्ये मोजतात, आपण मिलिग्रॅममध्ये. ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलियात मिलिमोल, अमेरिकेत आपल्यासारखंच. साखरेचा आपला आकडा १८ नं भागा: १२६ चे ७. कोलेस्टेरॉल ३८.७ नं भागा: २०० चे साधारण ५.२. क्रिएटिनिनला (किडनीच्या तपासणीतला आकडा) उलट ८८.४ नं गुणा, म्हणजे आपलं १.० तिकडे ८८ होतं. हिमोग्लोबिन तिकडे लिटरवर मोजतात, आपले १२ त्यांचे १२०. ब्रिटनमध्ये एचबीएवनसीही वेगळं लिहितात, ६.५ टक्क्यांऐवजी ४८. उलटं, तिकडून सुट्टीला आलेल्या आईचा 'शुगर ७' असा कागद इथल्या कॅज्युअल्टीत दाखवाल तर बाजूचं एकक बोटानं दाखवा, नाहीतर ती आपल्याकडची सात मिलिग्रॅम समजून आधी ग्लुकोजची बाटली लावतील.